रस्ता पण आणि ट्रॅक पण: एकाच गाडीच्या ब्रेकमध्ये मी काय बदललं आणि कुठल्या क्रमाने

पंधराशे किलोची गाडी ताशी २०० किमीने चाललीये आणि पुढे असं वळण आहे की ज्यात ८० नेच घुसता येतं, तर त्या एका ब्रेकिंगमध्ये साधारण १९ लाख ४० हजार जूल एवढी एनर्जी कुठेतरी जायला लागते, आणि ती जाते डिस्कमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या थाळीत, उष्णता होऊन. चांगल्या टायरवर हे सगळं साडेतीन सेकंदांत उरकतं. हिशोब केलात तर तेवढ्या वेळापुरते ब्रेक साडेसातशे हॉर्सपॉवरच्या आसपास काम करत असतात, भले इंजिन तीनशेचंच का असेना. हवेचा अडथळा त्यातला थोडा वाटा उचलतो, पण खरा भार ब्रेकवरच. आता रस्त्यावरचं बघा, १०० वरून पूर्ण थांबलात तर ५ लाख ८० हजार जूल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी, आणि असा कडक ब्रेक तुम्ही कधीतरी एकदा मारता, मग डिस्कला गार व्हायला भरपूर वेळ मिळतो. ट्रॅकवर अर्ध्या मिनिटात पुढचं वळण येतं, आणि हे चालू राहतं वीस-वीस मिनिटं.

हे आकडे आधीच टाकले कारण ब्रेक अपग्रेड म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात सगळ्यात आधी येतात लाल रंगाचे मोठे कॅलिपर (घासणारे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि "आता गाडी कमी अंतरात थांबेल" हा विचार. एकदाच, थंड ब्रेकवर, पूर्ण जोर लावून थांबायचं असेल तर कंपनीतून आलेल्या ब्रेकमध्ये चाकं लॉक करण्याएवढी ताकद असतेच. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, खडखडायला लागला याचा अर्थच असा की टायरला झेपतंय त्याहून जास्त जोर ब्रेक लावतायत, आणि तिथून पुढे गाडी किती मीटरमध्ये थांबणार ते टायर ठरवतो. त्यामुळे टायर कडक झाले असतील, जुने असतील, साधे असतील तर ब्रेकचे पैसे आधी टायरवर घाला, हे मी कुणालाही पहिलं सांगतो आणि कुणालाही ते आवडत नाही. मोठ्या ब्रेकचा फायदा कळतो तो दहाव्या लॅपला, जेव्हा पहिल्या लॅपला जिथे ब्रेक मारला होता तिथेच पुन्हा मारता येतो आणि पेडल तेवढंच वर असतं.

माझी गाडी दोन दारांची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, मी आत बसल्यावर वजन पंधराशेच्या आसपास. हीच गाडी आठवडाभर ऑफिसला जाते, पावसात जाते, ट्रॅफिकमध्ये तासभर उभी असते, आणि हीच ट्रॅकवर जाते. ट्रेलर वगैरे काही नाही, म्हणजे ट्रॅकवर काहीही झालं तरी संध्याकाळी त्याच ब्रेकवर घरी यायचंय. हे एकदा मनाशी पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी आपले ब्रेक नक्की कुठे कमी पडतायत ते ओळखायला पाहिजे, आणि त्यासाठी पायाला काय जाणवतंय ते नीट लक्षात ठेवायला पाहिजे. "ब्रेक गेले" असं सगळे म्हणतात पण ते दोन वेगवेगळ्या प्रकारे जातात. एक प्रकार असा की पेडल कडकच आहे, दगडावर पाय ठेवल्यासारखं, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी मात्र हवी तशी हळू होत नाहीये. हा पॅडचा फेड. पॅडमधलं रेझिन त्याच्या क्षमतेपलीकडे तापलं की घर्षण पडतं, आणि पॅड कोरे असतील तर रेझिनमधून निघणाऱ्या गॅसमुळे हे अजून लवकर होतं, म्हणून नवे पॅड घालून थेट ट्रॅकवर जाऊ नये. दुसरा प्रकार म्हणजे पेडल मऊ होत जातं, लांब जात जातं, आणि शेवटी जमिनीला टेकतं. इथे पॅडचा दोष नाही, कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुमचा पाय आता द्रवाऐवजी वाफ दाबतोय. हा प्रकार जास्त धोक्याचा कारण पहिला हळूहळू सांगून येतो, हा एका वळणात येतो. पेडल भराभर दोन-तीनदा पंप केलं तर थोडंफार प्रेशर परत मिळतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

आणि एक तिसरी गोष्ट आहे जी फेड वाटते पण नसते. जोरात वळण घेतल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि बेअरिंग किंचित वाकतात, डिस्क तिरकी होते आणि पॅडला, पिस्टनला मागे ढकलते, मग पुढच्या सरळ रस्त्यानंतर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते लांब जातं आणि दुसऱ्यांदा दाबलं की एकदम नॉर्मल. याला नॉक-बॅक म्हणतात. ऑइल बदलून हे जाणार नाही. बेअरिंग तपासा, आणि ब्रेकिंग पॉइंटच्या जरा आधी डाव्या पायाने पेडलला हलका स्पर्श करायची सवय लावा, पिस्टन परत जागेवर येतात.

तर पहिलं काम, ब्रेक ऑइल. सगळ्यात कमी खर्च आणि ट्रॅकसाठी सगळ्यात जास्त फरक, यावर माझं मत कधी बदललेलं नाही. ग्लायकोलवालं ऑइल हवेतला ओलावा खेचतं, रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत जात राहतं, म्हणून प्रत्येक ऑइलचे उकळण्याचे दोन आकडे असतात, एक कोरं असतानाचा आणि एक ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरचा. डॉट ४ ला (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची ठरलेली प्रत) कमीत कमी २३० अंश कोरं आणि १५५ अंश ओलं एवढं लागतं, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. आता गाडीत दोन-तीन वर्षं पडून असलेलं ऑइल या दुसऱ्या आकड्याकडे सरकत असतं, आणि ट्रॅकवर कॅलिपर दीडशेच्या वर सहज जातो. म्हणजे तुमचा फेड कदाचित फक्त जुन्या ऑइलचा असेल. रेसिंगच्या ऑइलचा कोरा आकडा ३०० च्या वर असतो, मोतुल आरबीएफ ६०० चा ३१२ आहे, आणि ही ऑइलं डॉट ४ सारखीच ग्लायकोलची असल्याने त्याच सिस्टिममध्ये चालतात. फक्त वर्षानुवर्षं तशीच ठेवायची नाहीत, सीझनच्या सुरुवातीला पूर्ण बदल आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही कॅलिपरमधून थोडं थोडं काढून ताजं भरायचं, एवढं तरी हवंच. एक गोष्ट ठळकपणे सांगतो, डॉट ५ आणि डॉट ५.१ ही एकाच घरातली नाहीत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते ग्लायकोलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसवाल्या गाडीत घालायचं नसतं. बाटली उघडायच्या आधी दोनदा वाचा.

मग पॅड, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण रस्ता आणि ट्रॅक यांचं खरं भांडण पॅडमध्येच आहे. रस्त्याच्या पॅडला थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला पकड लागते, आवाज नको, डिस्क खायला नको, आणि हे सगळं तो साधारण साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत छान करतो. ट्रॅकच्या पॅडला सहाशे-सातशे अंशांवर टिकायचं असतं. तो रस्त्यावर थंड असताना किरकिरतो, सिग्नलला थांबताना बसचा ब्रेक वाटावा असा आवाज करतो, त्याची धूळ धातूची असते आणि रिमच्या पेंटमध्ये चिकटून गंजते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही कंपाउंड (पॅडच्या मटेरियलचे प्रकार) थंड असताना पहिल्या दाबाला कमी पकडतात. समोर अचानक लहान मूल आलं तर त्या क्षणी तुमची डिस्क चाळीस अंशांवर असते, चारशेवर नाही. म्हणून पूर्ण रेसचा पॅड रोजच्या रस्त्यावर वापरायला माझा स्पष्ट विरोध आहे, कोणी कितीही सांगो की "सवय होते".

मग मधला मार्ग म्हणून "रस्ता आणि ट्रॅक दोन्ही" असं लिहिलेले पॅड मिळतात. हलकी गाडी असेल, टायर साधे रस्त्याचे असतील, ट्रॅक डे वर्षात एखादा असेल तर ते पुरतात, खरंच पुरतात. पण टायर चिकट झाले, वेग वाढला, की ते ना इकडचे ना तिकडचे होतात. मी दोन वेगळे सेट ठेवतो. फिक्स्ड कॅलिपरमध्ये (जो सरकत नाही, दोन्ही बाजूंनी पिस्टन असतात) पॅड वरून पिन काढून निघतात, चाक काढलं की पुढची बाजू काही मिनिटांचं काम आहे, त्यामुळे आदल्या दिवशी घरी ट्रॅकचे पॅड घालायचे आणि परत आल्यावर काढायचे. जाता-येताना ट्रॅकच्या पॅडवर रस्त्यावरून जावं लागतं म्हणून मी ट्रॅकसाठी असा कंपाउंड निवडलाय जो थंडीतही व्यवस्थित पकडतो, वरच्या टोकाची थोडी क्षमता त्यासाठी सोडली. ट्रॅकपासून लांब राहत असाल तर पॅड ट्रॅकवरच बदला, थोडी धावपळ होते पण रस्त्यावर मन शांत राहतं.

दोन सेट ठेवायचे तर शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच फॅमिलीचे कंपाउंड घ्या, यामागे कारण आहे. पॅड डिस्कवर नुसता घासत नाही, तो आपल्या मटेरियलचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर पसरवतो आणि नंतरचं बरंचसं घर्षण पॅड आणि त्या थरामध्ये होतं. एका कंपाउंडच्या थरावर दुसराच कंपाउंड चालवला तर थर धड बसत नाही, पकड खालीवर होते, आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. स्टिअरिंग थरथरलं की सगळे म्हणतात "डिस्क वाकली". डिस्क वाकणं फार क्वचित होतं, बहुतेक वेळा डिस्कवर पॅडचं मटेरियल कुठे जास्त कुठे कमी चिकटलेलं असतं, तो जाड भाग जास्त तापतो, आणि तसंच चालवत राहिलात तर सहाशे-सातशे अंशांच्या पुढे त्या जागी बिडाची रचनाच बदलून सिमेंटाइट नावाचे कडक डाग तयार होतात, जे मग वरवर घासून जात नाहीत. लवकर लक्षात आलं तर जरा खरखरीत पॅडने किंवा नव्याने बेडिंग करून निघतं, उशीर झाला तर डिस्क गेली.

बेडिंग म्हणजे हाच थर नीट बसवणं. मोकळा रस्ता बघून शंभरच्या आसपासच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत, मध्यम जोराने, लागोपाठ आठ-दहा वेळा हळू करायचं, पूर्ण थांबायचं नाही, आणि मग बरंच अंतर ब्रेक जवळजवळ न लावता चालवून गार करायचं. पूर्ण थांबायचं नाही यासाठी की तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर त्याचा छाप तिथेच उमटतो. ट्रॅकच्या पॅडला हेच जास्त वेगावर आणि जास्त उष्णतेपर्यंत न्यावं लागतं, त्यामुळे ते पहिल्या सेशनच्या सुरुवातीच्या लॅप्समध्ये करा, रस्त्यावर तेवढा वेग आणायचा प्रयत्न नको. पॅडच्या कंपनीने पद्धत दिलेली असते, तीच पाळा, माझी नको.

स्टीलच्या जाळीचे होज घातलेत, पेडल थोडं घट्ट झालं, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फक्त बसवताना होज पिळला जात नाहीये ना आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून, सस्पेन्शन लटकतं ठेवून तो कुठे ताणला जात नाही ना, घासत नाही ना, हे बघाच.

गार हवा मात्र सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे आणि मला तो मोठ्या कॅलिपरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. व्हेंटिलेटेड डिस्क हा खरं तर एक पंप आहे, मधून हवा ओढतो आणि आतल्या पात्यांमधून बाहेर फेकतो. म्हणून बंपरमधून पाइप आणून हवा सोडायची ती डिस्कच्या मध्यभागी, हबजवळ, म्हणजे ती पात्यांमधून जाईल आणि दोन्ही बाजू सारख्या गार होतील. नुसती आतल्या बाजूवर हवा मारली तर आतली बाजू गार, बाहेरची गरम, आणि असमान उष्णतेने डिस्कला तडे लवकर जातात. डिस्कमागचा पातळ पत्रा, जो धूळ-पाणी अडवतो, तोच हवाही अडवतो. पूर्ण रेसच्या गाडीतून तो काढूनच टाकतात, माझ्या गाडीने पावसात चालायचंय आणि बॉल जॉइंटच्या रबरला उष्णतेपासून त्या पत्र्याची सावली लागते म्हणून मी तो ठेवला आणि त्यात पाइप बसेल एवढी जागा करून घेतली.

खरंच किती तापतंय हे अंदाजाने बोलू नका, मोजा. डिस्कच्या कडेला लावायचे थर्मल पेंट मिळतात, तीन रंगांचे, ४३०, ५६० आणि ६१० अंशांना रंग बदलणारे. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात ज्या सगळ्यात जास्त पोचलेलं तापमान दाखवतात आणि परत मागे येत नाहीत. ट्रॅक डेनंतर चाक काढलं की सगळं समोर. डिस्क ५६० च्या वर गेलीये आणि तुमचा पॅड चारशेचा, तर फेड का झाला ते कळलं. डिस्क ठीक आहे पण कॅलिपरची पट्टी दोनशेच्या वर, तर ऑइल आणि पॅडमागची टायटॅनियमची शिम (पातळ पत्रा) याचा विचार करा, टायटॅनियममधून उष्णता फार सावकाश जाते म्हणून ती पिस्टनपर्यंत कमी पोचते. माझ्या बाबतीत या पेंटनेच ठरवलं की आता डिस्कच कमी पडतीये.

डिस्क का मोठी करायची तर उष्णता साठवायला. सुरुवातीच्या त्या ब्रेकिंगमधला ३५ टक्के भाग पुढच्या एका डिस्कवर गेला असं धरा, ९ किलोची बिडाची डिस्क त्या एका ब्रेकिंगला दीडशे अंशांच्या आसपास वर चढते, ११ किलोची असेल तर सव्वाशेच्या आत. एका ब्रेकिंगचा फरक छोटा वाटतो पण दर वळणाला तो मिळतो. उलट बाजू अशी की हे वजन स्प्रिंगच्या खाली आहे आणि फिरणारं आहे, गाडीला ते खड्ड्यात आणि वळताना जाणवतं, म्हणून दोन तुकड्यांची डिस्क चांगली, मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचं कडं बिडाचं, तापल्यावर कडं मोकळेपणाने फुगू शकतं आणि शंकूसारखं वाकत नाही. भोकांच्या डिस्क दिसायला सुंदर, ट्रॅकवर प्रत्येक भोक ही तडा सुरू व्हायची जागा. मी खाचांच्या घेतल्या. खाचा पॅडचा पृष्ठभाग घासून स्वच्छ ठेवतात, थोडी घरघर येते, चालतं.

उष्णता हाच मुद्दा आहे हे काही आजचं नाही. १९५३ साली ल मांची २४ तासांची रेस जॅग्वार सी-टाइपने जिंकली, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन चालवत होते, आणि त्या गाडीला डनलॉपच्या डिस्क होत्या, बहुतेक प्रतिस्पर्ध्यांकडे ड्रम. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी रात्रंदिवस तोच कडक ब्रेक, आणि ड्रममध्ये उष्णता आत कोंडून राहते, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो. डिस्क उघडी असते आणि तापून फुगली तर पॅडच्याच दिशेने. जॅग्वारचे ड्रायव्हर उशिरा ब्रेक मारू शकत होते आणि ते चोवीस तास मारू शकले. त्या रेसचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला.

आता कॅलिपर. इथे गणित न करता वस्तू घेतली तर गाडी आधीपेक्षा वाईट थांबू शकते, म्हणून शांतपणे वाचा. कंपनीच्या सरकत्या कॅलिपरमध्ये ५७ मिमीचा एक पिस्टन असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २५५० चौरस मिमी. चार पिस्टनच्या फिक्स्ड कॅलिपरमध्ये तुलना करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, समजा ३८ आणि ४२ मिमी, तर बेरीज २५२० च्या आसपास. म्हणजे दाबण्याचा जोर तेवढाच! पिस्टन चार आहेत म्हणून चौपट काही होत नाही. फायदा वेगळाच आहे, फिक्स्ड कॅलिपर कमी वाकतो, पॅड मोठा बसतो, दोन्ही बाजूंनी सारखं दाबलं जातं, पेडलला पायाखाली खात्री येते. दोन पिस्टन वेगवेगळ्या मापाचे असतात ते पॅड तिरका झिजू नये म्हणून.

पण डिस्क ३२० वरून ३५० मिमी केली तर पॅड मध्यापासून लांब जातो आणि पुढच्या ब्रेकचा टॉर्क साधारण ११ टक्क्यांनी वाढतो. आधी पुढे-मागे ७०-३० असेल तर आता पुढचा वाटा ७२ च्या वर. त्यात कोणी सहा पिस्टनचा कॅलिपर घातला ज्याचं क्षेत्रफळ अजून १५ टक्के जास्त आहे, तर पुढचा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत पोचतो. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं हे खरं, पंधराशे किलोच्या गाडीत एक जी ला (गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराने हळू होताना), गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि व्हीलबेस २.६ मीटर धरला तर २९० किलोच्या आसपास पुढे सरकतात, पण मागच्या चाकांवरही अजून बरंच वजन असतं आणि ते टायर फुकट बसवून ठेवले तर थांबायचं अंतर वाढतं. पुढची चाकं लवकर लॉकच्या जवळ जातात, एबीएस लवकर येतो, पुढच्या डिस्क अजून तापतात. उलट मागे जास्त जोर गेला तर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी फिरते, म्हणून कंपन्या मुद्दाम पुढे झुकता वाटा ठेवतात. एबीएसमधली यंत्रणा मागचं प्रेशर कमी करून गाडी सांभाळते पण पुढे वाया गेलेला वाटा ती सहसा मागे आणून देत नाही. मी म्हणूनच असा कॅलिपर निवडला की ज्याचं क्षेत्रफळ मूळपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी आहे, मोठ्या डिस्कमुळे वाढलेला टॉर्क त्यात भरून निघतो, बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, जवळजवळ होता तिथेच राहतो, आणि मास्टर सिलिंडरला (पेडलमुळे ऑइल ढकलणारा भाग) कमी ऑइल ढकलावं लागत असल्याने पेडलचा प्रवासही कमी होतो. किट विकणाऱ्याला पिस्टनचं माप विचारा आणि ते तुमच्या मूळ मापाशी ताडून बघा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मागचे पॅडही पुढच्याच फॅमिलीचे ठेवा. पुढे रेसचा कंपाउंड आणि मागे कंपनीचा, असं केलं तर कॅलिपर न बदलताही बायस पुढे सरकतो, हे फार जण विसरतात. आणि पॅड फार तिखट, टायर चिकट, पाय एकदम आपटला, की काही गाड्यांच्या एबीएसला वाटतं खाली बर्फ आहे, आणि तो प्रेशर सोडतो, पेडल कडक होतं आणि गाडी पुढे जातच राहते. याला उपाय पायाचाच, एका झटक्यात न आपटता क्षणार्धात पण चढता दाब द्यायचा.

कार्बन-सिरॅमिकबद्दल पण बोलतो. पॉर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ बरोबर आणल्या, बिडाच्या तुलनेत वजन जवळजवळ निम्मं, रस्त्यावर धूळ नाही, गंज नाही, आणि स्टिअरिंगला जो हलकेपणा येतो तो अप्रतिम आहे. पण सतत फार तापल्या की त्यातला कार्बन हवेत जळत जातो, डिस्कचं वजन घटतं, म्हणूनच ती संपली की नाही हे वजन करून ठरवतात. नेमाने ट्रॅकवर जाणारे बरेच मालक मूळ सेट काढून घरी जपून ठेवतात आणि बिडाच्या डिस्क लावतात. मला ते शंभर टक्के पटतं, डिस्क ही संपणारी वस्तू आहे आणि संपणारी वस्तू बिनधास्त बदलता आली पाहिजे.

बसवताना तीन गोष्टी. चाकाच्या आऱ्यांना कॅलिपर घासतो का ते किट घ्यायच्या आधी कागदी साचा कापून बघा. कॅलिपर डावा-उजवा उलटा बसला तर हवा काढायचा निपल खाली येतो, हवा वरच अडकून राहते आणि कितीही ऑइल काढलं तरी पेडल स्पंजीच. आणि टॉर्क पान्याशिवाय कॅलिपरचा एकही बोल्ट आवळायचा नाही, ज्या बोल्टना कंपनीने एकदाच वापरायचे म्हटलंय ते दरवेळी नवे. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर ती स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय निघत नाही, तिथे चांगल्या मेकॅनिककडे जा. आणि तुमच्याकडे असे बदल नोंदवावे लागत असतील तर इन्शुरन्सला आणि नोंदणीला आधीच कळवा, अपघातानंतर नको.

ट्रॅकवर शेवटची लॅप गार करायची, ब्रेक जवळजवळ न लावता, उंच गिअरमध्ये. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली ठोकळा, पाय पेडलवरून काढायचा, आणि शक्य असेल तर काही मिनिटांनी गाडी थोडी पुढे ढकलायची म्हणजे गरम पॅड एकाच जागी बसून राहत नाहीत. मग टॉर्च घेऊन बघायचं. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषा असणारच, नख फिरवून बघा, नख अडकलं किंवा रेषा बाहेरच्या कडेपर्यंत गेली तर त्या डिस्कने त्या दिवशी अजून एकही लॅप करायची नाही आणि घरीही जायचं नाही. पॅड अर्ध्यावर आले की मी दुसरे घालतो, पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही आणि शेवटचे काही मिलिमीटर पहिल्यांपेक्षा खूप लवकर संपतात. पिस्टनभोवतीचे रबरी बूट जळून कडक झालेत का तेही तेव्हाच बघायचं.

सध्या गाडीत पुढे ३५० च्या दोन तुकड्यांच्या खाचांच्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, मागे सगळं कंपनीचं फक्त पॅड आणि होज बदललेले, आणि बंपरपासून पुढच्या हबपर्यंत पाइप. मागच्या डिस्क अजून किमान जाडीच्या वर आहेत. त्या संपल्या की त्याच मापाच्या, पण चांगल्या पात्यांच्या घेणार, व्यास वाढवणार नाही. त्याआधी मागेही थर्मल पेंट लावून दोन-चार सेशनचे रंग बघायचेत, कारण पुढचे ब्रेक आता टिकतात म्हणून मी उशिरा ब्रेक मारतोय, आणि त्यात मागच्यांवर किती भार वाढलाय ते रंगावरून कळेल.